पाऊणकीचा समुद्र

पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे शाळेतून गेले त्याला बराच काळ लोटला. त्यांच्यासाठी कोणी सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही. पण कोकणच्या किनाऱ्यावर त्यांतला एक पाढा निवृत्तीचं वय उलटूनही कामावर आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता समुद्र पूर्ण भरलेला. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे तिकडच्या बोलीत सुकती. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. तीन म्हणजे दुपारचे की पहाटेचे, असं घाटावरची माणसं विचारतात. दोन्ही. भरती दिवसातून दोनदा येते.

मला हा पाढा सासऱ्यांनी दिला. सासुरवाडी श्रीवर्धन तालुक्यातली. लग्नातल्या आहेरापैकी आजवर न फुटलेली आणि न हरवलेली ही एकच वस्तू. मी घाटावरचा असल्यामुळे लगेच शंका काढली. पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. मग एरवी पाऊण तासाने सरकणारा समुद्र त्या एका दिवसात दीड तास कसा सरकतो? सासरे पान लावत होते. म्हणाले, "जावईबापू, समुद्राला पाढा पाठ नसतो."

खरं तेच आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र जरा पुढे गेलेला असतो, आणि त्याला गाठायला तिला आणखी ५० मिनिटांच्या आसपास लागतात. पाढा तिथीमागे ४५ धरतो आणि पंधरवडाभर साचलेली थकबाकी प्रतिपदेला एकरकमी चुकती करतो. रत्नागिरी-रायगडच्या बाजूला एवढ्यावर भागतं. मुंबईची भरती तास-पाऊण तास उशिरा असते; मुंबईत सगळंच तेवढं उशिरा पोचतं.

हे सगळं सांगायचं कारण हरिहरेश्वर. तिथल्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट समुद्राकडे उतरते. पायऱ्या उतरून खाली आलं की एका हाताला डोंगराचा कडा आणि दुसऱ्या हाताला सपाट काळा कातळ. लाटांनी डोंगराचा पाय युगानुयुगं कापत नेला, त्यातून हा कातळाचा ओटा मागे राहिला. भरतीत तो पाण्याखाली जातो, म्हणून प्रदक्षिणा सुकतीतच घालायची. ही सूचना थट्टेवारी नेणाऱ्यांना समुद्राने वेळोवेळी ओढून नेलेलं आहे. देव हरि आणि हर, पण प्रदक्षिणेची परवानगी चंद्राच्या हातात.

पाणी मागे हटलं की त्या कातळावर लहानमोठी असंख्य डबकी उरतात. कुठे ओंजळभर पाणी, कुठे लहान मूल डुंबेल एवढं. येणारी मंडळी चपला हातात घेऊन त्यात पाय बुडवतात आणि हमखास म्हणतात, "अय्या, गरम आहे!" या उद्गारात निम्मं शास्त्र आलं. उरलेलं निम्मं असं की हेच पाणी तीन तासांपूर्वी गार होतं आणि आणखी तीन तासांनी पुन्हा गार होणार आहे. मग एखादं पोर विचारतं, "आतले मासे शिजत नाहीत का?" पोरांचे प्रश्न नेहमी मुद्द्याचे असतात. आणि त्यावर घरातलं वडीलधारं माणूस फार विचार न करता सांगून टाकतं, "त्यांना सवय असते."

त्या सवयीची मला उत्सुकता आहे. ती नेमकी कशाची, कधी लागली आणि किती पुरते, हे बघायला मी कातळावर एक थर्मामीटर घेऊन बसतो. प्रयोगशाळेत वापरतात तसला, काचेचा, लांबडा. एकदा एक गृहस्थ प्रदक्षिणा अर्धी सोडून माझ्याशेजारी वाकले.

"काय, ताप आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "सदतीस."

"मग नॉर्मल आहे," असं म्हणून ते समाधानाने पुढे गेले.

माणसाच्या काखेत ३७ अंश ही आनंदाची बातमी असते. डबक्यात ती नसते. एप्रिलच्या दुपारी बाहेरचा समुद्र २९ अंशांच्या आसपास असतो. तो एवढा प्रचंड आहे की दिवसभराच्या उन्हाने त्याच्यात जेमतेम फरक पडतो. डबकं मात्र वीतभर खोल, खाली काळा कातळ, वर उघडं आभाळ. त्याला तापायला फार वेळ लागत नाही. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, ही त्यातली पहिली मेख. २० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. दुसरी मेख अशी की खेकडा, मासा, गोगलगाय या मंडळींचं शरीर पाण्याबरोबरच तापतं आणि दहा अंश वाढले की त्यांची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. हा नियम फक्त डबक्याला लागू आहे असं मी म्हणणार नाही.

मग मीठ. समुद्राच्या किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, अरबी समुद्रात किंचित जास्तच. उन्हाने पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. खालच्या डबक्यांत चार-सहा तासांत याने फारसं बिघडत नाही. पण कड्याच्या बाजूची, उंचावरची डबकी आठवडाभर तशीच तापत राहिली की त्यांचा काठ पांढरा होतो. बोट फिरवून चाटलं तर मीठ. पलीकडे पेण-उरणच्या मिठागरांत माणसं घाम गाळून जे करतात, ते इथे कोणीही न करता होतं.

आता ऑक्सिजनची दिवसाची गोष्ट, कारण ती वर सांगितली त्याच्या बरोब्बर उलटी आहे. उन्हात एखाद्या हिरव्या डबक्यावर नाक टेकेल इतकं वाकून बघा. शेवाळाच्या प्रत्येक पात्याला बारीक बुडबुडे चिकटलेले असतात, मोहरीहूनही लहान. एखादा वाढतो, सुटतो, डुलत वर येतो आणि पृष्ठभागाशी फुटतो. खालून लगेच दुसरा फुगायला लागतो. हा शेवाळाने उन्हात बनवलेला ऑक्सिजन. तो पाण्यात मावेनासा झाला म्हणून बाहेर पडतोय. अशा डबक्यात दुपारी एरवी मावतो त्याच्या दुप्पटसुद्धा ऑक्सिजन साठतो. गरम पाण्यात तो कमी मावतो हे खरं, पण शेवाळाला कोणी ते सांगितलेलं नसतं. त्याच वेळी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे पाण्याचा आम्लपणा घटतो. समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास, तर भर दुपारी हिरव्यागार डबक्याचा ९ च्या पुढे. आकड्यांत हा फरक एकाचाही दिसत नाही, पण पीएचच्या मोजपट्टीवर एक घर म्हणजे दहापट.

रात्र झाली की सगळं फिरतं. ऊन नाही म्हणजे ऑक्सिजनचा कारखाना बंद, पण श्वास घेणारे तेवढेच. शेवाळसुद्धा त्यांच्या रांगेत येऊन उभं राहतं. दिवसभर दानधर्म करणारा हा गृहस्थ रात्री सगळ्यांच्या वाट्यातलं घेतो. पहाटेपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच साडेसातच्या आसपास घसरतो. लहानपणी आजी सांगायची, रात्री झाडाखाली झोपू नये. मोकळ्या हवेत त्या सल्ल्यात फारसा अर्थ नाही, हवा भरपूर असते. डबक्यात मात्र तो तंतोतंत लागू पडतो. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट होते. दिवसा जे डबकं सगळ्यांत हिरवं, सगळ्यांत गजबजलेलं, फोटो काढण्याजोगं, तेच रात्री सगळ्यांत कठीण असतं. ओसाड डबक्यातल्या एकट्या खेकड्याला रात्री निदान श्वास तरी धड घेता येतो.

डबकं समुद्रापासून किती वेळ तुटलेलं राहणार, यावर हे सगळं अवलंबून. इथे मला आमच्या सोसायटीचा पाणीपुरवठा आठवतो. नळाला पाणी येण्याची वेळ सगळ्यांना सारखीच, पण टाकीजवळच्या घरांत ते दोन्ही वेळा धो धो येतं, उतारावरच्यांना बेताचं, आणि टेकडीवरच्या शेवटच्या इमारतीत फक्त दाब चांगला असेल त्या दिवशी. कातळावर तीच व्यवस्था आहे. पाण्याच्या काठची डबकी दिवसातून दोनदा तास-दोन तासच एकटी पडतात. मधली पाच-सहा तास. आणि कड्यालगतच्या डबक्यांना पाणी मिळतं ते पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, उधाणाच्या भरतीला. मधल्या अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा भरती अर्ध्या वाटेवरून परत फिरते आणि वरच्या मंडळींनी आठ-आठ दिवस आहे त्या पाण्यावर काढायचे. या डबक्यांच्या उंचीतला फरक म्हणाल तर पुरुषभरसुद्धा नाही. काही वेळा नुसता हातभर. तेवढ्याने माणसाचीही जात बदलते हे आपल्याला माहीत आहेच.

पाऊणकीचा खरा उपयोग मला इथे कळला. पौर्णिमेची भरती सव्वाअकराची, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचची आणि पहाटे त्याच सुमाराची. उधाणाच्या दिवशी समुद्र सगळ्यांत लांब मागे जातो, एरवी कधीच न दिसणारा सगळ्यांत खालचा कातळ उघडा पडतो, आणि नेमका तेव्हा सूर्य कलता असतो. खालच्या डबक्यांतली नाजूक वस्ती, समुद्रफुलं, स्पंज, एकमेकांना चिकटून गालिचा करणारे मऊ झोअँथिड, यांना बाराचं ऊन पाण्याबाहेर कधी बघावंच लागत नाही. उलट भर मध्यान्हीच्या सुमारास उधाणाची भरती अगदी वरच्या, होरपळलेल्या डबक्यांपर्यंत चढते. ओहोटी ऐन दुपारी येते ती अष्टमीला, पण तेव्हा भांग असल्यामुळे समुद्र फार लांब जात नाही. त्या दुपारचा मार बसतो तो मधल्यांना. म्हणजे खालच्यांची सोय, वरच्यांना पंधरवड्याने का होईना मदत, आणि अष्टमीची दुपार मध्यमवर्गाच्या नावावर. समुद्राने अर्थसंकल्प कुठे वाचला असेल कोण जाणे.

ही वेळ काही सगळ्या जगात सारखी नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, प्लिमथच्या बाजूला, उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि समुद्र सगळ्यांत मागे जातो तो भर दुपारी. तिथलं ऊन आपल्या चांदण्याच्या जवळपास असल्यामुळे प्राण्यांचं निभावतं. माणसांची मात्र फारच सोय होते. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरात काचेच्या पेटीत समुद्र ठेवण्याची टूम निघाली. माणसं बरण्या आणि छिन्न्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हळहळून लिहिलं की बापाच्या पुस्तकांनी ज्यांची गोडी लावली ती डबकी त्या गोडीनेच रिकामी केली. आपल्याकडे छिन्नी नसते, पाण्याची रिकामी बाटली असते. तीत एक चिमुकला मासा घालून पोर गाडीपर्यंत नेतं आणि गाडीत तो शिजतो. दगड उलटून बघणं हा त्याहून निरुपद्रवी वाटणारा छंद. पण डबक्यातल्या एकुलत्या एका दगडाची सावली म्हणजे तिथल्या रहिवाशांचं छप्पर. ते उपडं करून आपण चहाला निघून गेलो की खालच्यांवर थेट ऊन येतं. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट ओहोटीच्या वेळी हौशी लोकांना किनाऱ्यावर फिरवून हे प्राणी दाखवतो. गिरगाव चौपाटीला काय असणार, असं म्हणत गेलेली माणसं तिथून गप्प होऊन परत येतात. अस्सल मुंबईकराला गप्प करणं सोपं नाही.

पावसाळ्यात गणित पुन्हा बदलतं. पहिला जोराचा पाऊस पडला की गोडं पाणी हलकं म्हणून डबक्यात वर तरंगतं आणि खारं खाली बसतं. कातळाच्या खोलगट भांड्यात वारा पोचत नाही, त्यामुळे दोन्ही बराच वेळ मिसळत नाहीत. वर प्यायला चालेल असं पाणी, खाली समुद्र, मासे तळाशी. उथळ डबक्यांना ही दुमजली सोय परवडत नाही. तिथे सगळंच गोडं होतं. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. खाऱ्या पाण्यात जन्म काढलेल्या जिवाला गोडं पाणी विषासारखं, ते अंगात शिरतं आणि पेशी फुगवतं. समुद्राने येऊन सोडवावं म्हटलं तर शेजारीच सावित्रीचं मुख, त्यामुळे समुद्रही लाल-गढूळ आणि निम्मा गोडा. मे महिन्यात खारटपणाने जीव नकोसा झालेला प्राणी जूनमध्ये मिठाला मोताद. एकाच घरात, घर न बदलता.

एवढं सगळं पाहिल्यावर सवयीचा प्रश्न पुन्हा घेतला. हे जीव करतात तरी काय?

बहुतेक जण दार लावून घेतात. शंखाच्या तोंडाला गोगलगाईची टणक चकती असते, ती ओढून घेतली की आतलं ओलं आत. कालवं शिंपला मिटतात. समुद्रफूल हात आवरून घेतं आणि उरतो तो जेलीचा तपकिरी गोळा. पर्यटक त्याला कोणीतरी टाकलेलं काहीतरी समजून ओलांडून जातात. दार लावण्यात पराक्रम नाही, पण फुकटही नाही. बंद शंखात ऑक्सिजन फार पुरत नाही. मग शरीर त्याच्यावाचून चालवतं, हृदय मंदावतं, अंगात आम्ल साठत जातं. ती सगळी उधारी. दार उघडल्यावर फेडायची.

मासे दार लावू शकत नाहीत. ऑक्सिजन संपत आला की ते पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याला तोंड लावतात. हवेच्या स्पर्शाने तेवढ्या थरात थोडा ऑक्सिजन असतो. काही जाती तर सरळ पाण्याबाहेर ओल्या दगडावर येऊन बसतात. गोबी नावाचा बोटभर मासा त्याहून धाडसी. तो एका डबक्यातून उडी मारून शेजारच्या डबक्यात जातो. आता कातळाशी पोट टेकलेल्या माशाला शेजारचं डबकं दिसत नाही. उडी चुकली तर तापल्या कातळावर मरण. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या लेस्टर आरॉन्सन यांनी १९५१ साली यावरचं आपलं संशोधन छापलं. त्यांनी दाखवलं की हा मासा भरतीच्या वेळी कातळावरून पोहताना खालचे खळगे-उंचवटे बघून ठेवतो आणि ओहोटीत त्या आठवणीवर उडी मारतो. पुढच्या प्रयोगांत दिसलं की हा नकाशा त्याच्या डोक्यात कित्येक आठवडे टिकतो. त्या माशाचे भाऊबंद आपल्या किनाऱ्यावरही आहेत. माणसाने आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली हे संध्याकाळी आठवत नसताना ही गोष्ट वाचू नये.

कातळावर कालवं काढणाऱ्या एका मावशींशी माझी ओळख आहे. पदर डोक्यावर, कासोटा घट्ट, हातात टोकदार लोखंडी हत्यार. दोन ठोक्यांत शिंपल्याची वरची वाटी उडते आणि आतलं मऊ कालव डब्यात पडतं. माझा थर्मामीटर त्यांना पहिल्यापासून करमणुकीचा वाटतो.

"काय म्हणतंय पाणी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी त्यांना रात्रीच्या ऑक्सिजनची हकिगत ऐकवली, जमेल तितकी सोपी करून.

"मग ते आमाला ठाऊक हाय की," मावशी म्हणाल्या. "रातच्याला बत्ती घेऊन आलं की सगळी बारकी मासळी वर येऊन पाण्याला तोंड लावून असते. हातानं धरावी."

"त्यांना सवय असेल नाही, मावशी?"

त्यांनी एक शिंपला फोडला, कालव डब्यात टाकलं. "सवय? आता मला उन्हाची सवय नाय का? जल्म गेला या दगडावर. म्हणून काय डोक्यावर पदर नको?"

यावर थर्मामीटर झटकण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

भरती परत येते तेव्हा काठावर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, सुटले बिचारे. पाण्याची एक पातळ जीभ कातळाच्या भेगेतून येते, काठाशी घुटमळते, मागे जाते. दुसरी लाट जरा पुढे. मग एक जाडजूड लाट काठ ओलांडून आत कोसळते आणि सहा तास जे हळूहळू साठत आलं ते काही सेकंदांत पुसलं जातं. सदतिशीचं पाणी एकदम तिशीच्या आत, नऊचा पीएच आठावर, वरच्या डबक्यांत खारटपणाही एका फटक्यात खाली. तापमान चढताना निदान तासांचा हिशेब होता, उतरताना श्वास घ्यायलाही सवड नाही. पेशींना हाही धक्काच. ऑक्सिजनवाचून वेळ काढलेल्या शरीरात तो अचानक परतला तर त्यानेही इजा होते. सुटका सुखाची असते का, हे ज्याची सुटका करायची असते त्याला कोणी विचारत नाही.

आणि एवढं होऊनही, या डबक्याची चोवीस तासांची सरासरी काढली तर ती समुद्राच्या सरासरीहून फार लांब जात नाही. तापमान तिशीच्या घरात, पीएच आठाच्या आसपास, खारटपणा बेताचा. एखाद्या सरकारी तक्त्यात हे आकडे भरले तर शेऱ्याच्या रकान्यात 'समाधानकारक' असंच येईल. दुपारी भाजलेला आणि पहाटे गुदमरलेला खेकडा तक्त्यात बसत नाही. सरासरी सहीसाठी ठीक. तिच्यात राहायला अजून कोणी गेलेलं नाही.

एवढ्यावर कोणालाही वाटेल की जो इतकं सोसतो तो आणखी थोडं सहज सोसेल. समुद्र तापतो आहे म्हणतात, तर चिंता करायची ती खोल पाण्यातल्या नाजूक जिवांची. कातळावरच्या या कसलेल्या मल्लांना काय होणार! जोनाथन स्टिलमन या अभ्यासकाने पोर्सेलीन खेकड्यांच्या वेगवेगळ्या जाती घेऊन हे तपासलं आणि २००३ साली 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला. किनाऱ्याच्या वरच्या भागात राहणारे खेकडे सगळ्यांत जास्त उष्णता सोसतात, ही अपेक्षा बरोबर निघाली. पण ते आधीच आपल्या सहनशक्तीच्या कडेला उभे होते. आणखी गरम परिस्थितीशी जुळवून घेण्याची त्यांची ताकद खालच्या, सुखवस्तू नातेवाइकांपेक्षा कमी भरली. सगळी शिल्लक रोजच्या दुपारवरच खर्च झालेली. खालच्या खेकड्याने कधी ऊन पाहिलेलं नसतं, म्हणून त्याच्याकडे थोडी पुंजी अजून बाकी असते.

हे वाचल्यापासून 'त्यांना सवय असते' हे वाक्य माझ्या कानाला खटकायला लागलं आहे, आणि ते किती ठिकाणी ऐकू येतं याचं नवल वाटतं. मे महिन्यात पत्र्याच्या चौकीत बसणाऱ्या वॉचमनबद्दल, डांबर टाकणाऱ्या बायकांबद्दल, पाहुणे गेल्यावर ओट्याशी उभ्या राहिलेल्या आपल्याच घरातल्या कोणाबद्दल. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट त्यात थोडं कौतुकच असतं, आणि कौतुक केलं की पंखा द्यावा लागत नाही. दुसऱ्याची सवय म्हणजे त्याच्याकडे असलेला अखंड साठा, असं आपण धरून चालतो. खेकड्यांचा हिशेब सांगतो की तो झालेला खर्च असतो.

प्रदक्षिणेच्या वाटेवर हे कोणाला ऐकवायला जावं तर लोक घाईत असतात, भरतीची वेळ झालेली असते. तरी एवढं मी पाहून ठेवलं आहे: दुपारी त्या कातळावर 'त्यांना सवय असते' म्हणणाऱ्याच्या पायात चपला असतात.